कडी न लावलेलं दार आणि मी

ऐकून घेणं हे माझं काम, बोलणं नव्हे. पण आता थकलेय, म्हणून चार शब्द बोलते. मी एक उशी. नागपुरात, प्रताप नगरच्या एका दोन खोल्यांच्या घरात, बैठकीतल्या दिवाणावर पडलेली असते.

चौदा वर्षांपूर्वी कामिनी जन्मली, तेव्हा तिचे बाबा अश्विन यांनी गादीवाल्याकडून कापूस पिंजून मला भरून घेतलं. कामिनीच्या आईनं, वंदनानं, जुन्या साडीचा अभ्रा शिवला. म्हणजे कामिनी आणि मी एकाच वयाच्या. तिची लाळ, तिचा ताप, तिचे रुसवे, सगळं माझ्या वाट्याला आलं. तक्रार नाही.

अश्विन शहराबाहेर, वाडी भागातल्या एका गोदामात सकाळच्या पाळीला कामाला होते. रोज दुपारी साडेतीनला घरी येत, कडी दोनदा वाजवत आणि मला डोक्याखाली घेऊन आडवे होत. गेल्या दिवाळीनंतर चार दिवसांच्या तापानं ते गेले. वंदना एका दवाखान्यात नोकरीला लागली. घरात त्यांचं नाव कुणी काढेनासं झालं. वंदनाला वाटे पोरगी रडेल, आणि पोरीला वाटे आई रडेल. दोघी रडायच्या मात्र माझ्यातच, वेगवेगळ्या वेळी.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कामिनीला एक कोरियन मालिका सापडली. त्यात एक म्हातारी नावाडीण मेलेल्यांना एका जेवणापुरतं घरी आणून सोडते. ओल्या केसांची, बिनचेहऱ्याची माणसं उंबऱ्याशी उभी राहायची. कूलर घरघरत असायचा, पडदे ओढलेले, आणि कामिनी मला डोळ्यांवर दाबून कडेनं बघायची. तिच्या नखांनी माझी शिवण उसवली.

मालिकेवर 'सोळा वर्षांवरील' असं लिहिलं होतं. पण भुतांचं भय ती आंबा खाता खाता विसरायची. तिनं मनावर घेतला तो त्यातला एक नियम. दाराला कडी दिसली, की मेलेला माणूस माघारी फिरतो आणि घरची वाट कायमची विसरतो.

त्या दिवसापासून साडेतीन वाजले, की कामिनी उठून कडी काढायची. मग मला पोटाशी धरून दाराकडे बघत बसायची. "बाबा आज येतील का?" असं मला विचारायची. मी काय सांगणार?

एके दुपारी तिला तशीच झोप लागली. पत्ता विचारत आलेला एक अनोळखी माणूस थेट बैठकीत शिरला. नशीब, शेजारच्या कौसल्याकाकूंनी पाहिलं आणि त्याला हाकललं.

संध्याकाळी काकूंनी दारातच सगळं सांगितलं, तशी वंदना आत येऊन ओरडली. "काहून वं, दार उघडं टाकून झोपली? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"त्या कोरियन भुतांचं खूळ आहे, वंदना," काकू म्हणाल्या. "बंद कर ते."

कामिनीनं मला पोटाशी ओढलं. मग म्हणाली, "कडी लावली तर बाबा वापस जातील ना वं आई."

वंदना तिच्याशेजारी दिवाणावर येऊन बसली. काकूंनी जाताना दार हळूच ओढून घेतलं.

रविवारी दुपारी वंदना स्वतः ती मालिका बघायला बसली, बंद करायची की नाही ते ठरवायला. एक मेलेला नवरा ताटावर बसला आणि त्यानं भाताला हात लावला, तेव्हा तिनं मला ओढून तोंडावर दाबलं. एवढी ओली मी त्याआधी कधी झाले नव्हते.

मग तिनं टीव्ही बंद केला आणि कामिनीला जवळ घेतलं. "बाबा येणार नाहीत, बेटा. कडी लावली तरी नाही, काढली तरी नाही. त्या सिरियलवाल्यानं काहीही लिहो, हे तुले मलेच सांगा लागते."

कामिनी रडली. मोठ्यानं, आईसमोर, पहिल्यांदा.

"पुढचं पाहायचं तर दोघी मिळून पाहू," वंदना म्हणाली. "एकटीनं नाही."

आता कापूस बसलाय माझा, गोळे झालेत. चौदा वर्षांच्या पोरीनं असलं काही बघावं का, हे तुम्ही मोठी माणसं ठरवा. फक्त तिला माझ्या भरवशावर सोडू नका. ती विचारते, आणि मला साधं 'हूं' म्हणता येत नाही.

काल पुन्हा रविवार होता. मालिका सुरू होती. साडेतीनला कामिनी उठली, कडी नीट लागली आहे ना ते बघून आली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. मी बाजूलाच होते, कोरडी.