काचेबाहेरचं ग्रहण

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘ग्रहण’ म्हणत. तिचं काम कागदावरचं, समीकरणांचं. यंत्रांशी संबंध एवढाच, की ती आत आली की यंत्रं बंद पडत. एकदा पंप बसला, एकदा लेझर विझला, आणि एकदा तर ती नुसती दारातून डोकावली तर टाकी गळायला लागली. बाकीची मंडळीही काही कमी नव्हती. मुख्य अभियंता महत्त्वाच्या दिवशी कोपराला भोक पडलेला तोच निळा स्वेटर घालून येई, आणि पंपाला दोन थापा मारल्याशिवाय कुणी बटणाला हात लावत नसे. नावामागे डॉक्टर लावणारी माणसं ही. जेवढे शिकले तेवढे हुकले, दुसरं काय.

यंत्र सुरू करायचं असलं की ग्रहणाने काचेच्या दाराबाहेर थांबायचं, असा मग नियमच झाला. तीही तो हसत पाळायची आणि घरी बाबांना तिखटमीठ लावून सांगायची. आई गेल्यापासून घरात हे दोघंच होते.

“मग आपला टीव्ही बंद पाड की,” बाबा म्हणायचे. “बातम्या ऐकून डोकं उठलंय माझं.”

“योगायोग असतो हो बाबा. बंद पडलेलं तेवढं लक्षात राहतं. चालू राहिलेलं कोण मोजतं?”

मग बाबांच्या फुप्फुसांनी दगा दिला. अतिदक्षता विभागात त्यांच्या तोंडावर मास्क आला, आणि शेजारी श्वास देणारं यंत्र. ती धावतच आत गेली, खाटेपाशी पोचली आणि यंत्र केकाटायला लागलं. सिस्टरने सैल झालेली नळी घट्ट बसवली. “होतं असं, घाबरू नका,” ती म्हणाली आणि दुसऱ्या खाटेकडे वळलीसुद्धा.

पण इतकी वर्षं हसण्यावारी नेलेली गोष्ट त्या क्षणी तिच्या छातीत रुतून बसली. नळी सैल होती म्हणून यंत्र ओरडलं, हे तिला कळत होतं. कुणाही पोराला कळलं असतं. पण प्रयोगशाळेतला पंप बंद पडला तर फार तर आठवडा वाया जातो. इथे बाबा होते. विषाची परीक्षा कोण घेणार? ती उलट्या पावली बाहेर आली आणि काचेपाशी उभी राहिली.

बाबांनी बोटांनी खूण केली, ये. तिने यंत्राकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे, आणि मान हलवली. मास्कमागे ते हसले. त्यांना सगळं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा बोलावलं, तेव्हा ते हसत नव्हते. नंतर नंतर तर ते नुसतेच खाटेच्या कडेवर हात आपटत, इथे बस, म्हणून.

“आत या ना ताई,” सिस्टर म्हणाली. “सारखे दाराकडे बघतात ते.”

“इथून दिसतंय मला सगळं. मास्क निघू दे, मग येतेच.”

मास्क निघालाच नाही. एका दुपारी डॉक्टर लगबगीने आत गेले, पडदा ओढला गेला, आणि बाहेर आले तेव्हा त्यांना काही बोलावं लागलं नाही.

“यंत्र...” तिने विचारलं. “यंत्रात काही झालं?”

“यंत्र? नाही हो. ते एकदम नीट चाललं. हृदयच थकलं होतं त्यांचं.”

ती आत गेली. सिस्टर चादर सारखी करत होती. “शेवटी हात शोधत होते,” ती हळूच म्हणाली. “मी धरला त्यांचा. पण त्यांनी सोडवून घेतला.”

ती खाटेच्या कडेवर बसली, ते दाखवायचे अगदी तिथेच. एका हातात तिने बाबांचा हात घेतला. तो अजून कोमट होता. शेजारी यंत्र हवा ढकलतच होतं. तिने दुसरा तळवा त्याच्यावर दाबून ठेवला.

“बंद पड,” ती म्हणाली. “आता तरी पड ना.”

त्याचा एक दिवासुद्धा लुकलुकला नाही. ती रडत राहिली आणि ते चालत राहिलं. शेवटी सिस्टरनेच येऊन बटण दाबलं.