बैलेचं बालपण

मुलांनो, एक पंगत डोळ्यांपुढे आणा. तुम्ही पाटावर बसला आहात, पान मांडलेलं आहे, पोटात भूक आहे, आणि वाढपी येतो तो नाचत. वरणाची बादली धरून दोन पावलं पुढे, एक मागे, एक गिरकी, आणि मग कुठे पानात पळीभर वरण. त्याच्यामागून भातवाला, त्याचा ठेका वेगळा. भाजी येईपर्यंत वरण गार. तुम्ही जेवाल, की बघत बसाल? अशी एक पंगत पाचशे वर्षांपूर्वी इटलीत खरोखर झाली होती. आपल्याला तिथेच जायचं आहे. पण आपली वाट भडगाववरून जाते.

भडगावच्या एका शाळेत १९८८ साली यशोदा नावाची मुलगी सहावीत शिकत होती. तिचा आवाज असा खणखणीत, की ती कविता म्हणू लागली म्हणजे रस्त्यावरचा सायकलवाला एक पाय टेकवून ऐकत राही. पण तिची एक खोड होती. कोणी हसलं, की तो आवाज बंद व्हायचा. आपल्याला नाही, दुसऱ्याच कुणाला हसलं तरी तिला वाटे, आपल्यालाच. मग दिवसभर ती मानेनेच हो-नाही करी.

त्या वर्षी जळगावला हिंदी भाषणांची स्पर्धा होती. विषय होता बचपन. पण माणसांचं नाही, वस्तूंचं आणि कलांचं. प्रत्येक मुलाला बंद पाकिटात एक चिठ्ठी आली. पाकीट मुलानेच उघडायचं, तयारीही त्यानेच करायची, आणि शिक्षकांनी शेवटच्या आठवड्यात ऐकायचं, असा नियम. यशोदाच्या वर्गातल्या भटूला ‘रेल का बचपन’ आलं. यशोदाच्या चिठ्ठीवर होतं, ‘बैले का बचपन’.

“बैले?” भटू म्हणाला. “हे काय नवीन?”

“घोडा, घोडे. केला, केले. मग बैल, बैले,” यशोदा म्हणाली.

व्याकरण इतकं सरळ होतं, की भटूला ते पटलं.

यशोदा गेली उखर्डू आबांकडे. आबा तिच्या वडिलांचे काका. गोऱ्हे शिकवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. गोठ्याबाहेर दोरी वळत बसले होते.

“आबा, माले बैलनं ल्हानपन सांगा.”

“कसाले वं?”

“जळगावले भाषन शे.”

आबांनी दोरी खाली ठेवली. “जळगावना लोकेसनी बैल नही देखेल का?”

पण सांगायला लागले ते थांबेनात. गोऱ्हा कसा पाहावा, त्याच्या मानेला जुवाची सवय कशी लावावी, आधी नुसता ओंडका ओढायला देऊन त्याच्याकडून फेऱ्या कशा घालून घ्याव्यात. “गोऱ्ह्याले आधी पाय शिकाडना पडस,” ते म्हणाले. “औत मंग.” यशोदा बारा दिवस रोज संध्याकाळी गेली. वहीची नऊ पानं भरली.

मग ऐकण्याचा दिवस आला. रतिलाल सर हिंदी शिकवायचे. ते खिडकीला टेकून उभे राहिले आणि यशोदाने सुरुवात केली, “बैले जब छोटा होता है, तब हम उसको गोऱ्हा कहते हैं.”

सरांना हसू आलं. वाईट हेतू नव्हता, पण आलं. त्यांनी रुमाल तोंडाला लावला, तरी खांदे हलत राहिले. “अगं, बैले म्हणजे बॅले, नाच,” ते म्हणाले. “परदेशी नाच. टीव्हीवर नाही का, मुली पायाच्या बोटांवर उभ्या राहतात?”

सर हसले म्हटल्यावर वर्गाला मोकळीकच मिळाली. सगळ्यांत मोठ्याने हसला भटू, ज्याला बैले आणि केले पटलं होतं. “गोऱ्ह्याला बोटांवर उभा कर गं,” तो म्हणाला. यशोदाने वही मिटली. त्या दिवशी तिने कोणाशी एक शब्द काढला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तिने सरांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली. लिहिलं होतं, ‘मी जाणार नाही.’

रतिलाल सरांच्या मनाला ती चिठ्ठी लागली. स्पर्धेला पाच दिवस होते आणि बैलेबद्दल त्यांना स्वतःला तेवढंच माहीत होतं, जेवढं ते वर्गात बोलून गेले होते. रविवारी सकाळच्या एसटीने ते जळगावला गेले, एका वाचनालयात दुपारपर्यंत बसले, आणि एका जाड हिंदी कोशातली अडीच पानं हाताने उतरवून परत आले.

सोमवारी शाळा सुटल्यावर त्यांनी यशोदाला व्हरांड्यात बसवलं.

“मी हसायला नको होतं,” ते म्हणाले. “चूक माझी. आता मी काही वाचतो. तुला बोलायचं नसेल तर नुसतं ऐक.”

यशोदाने मान हलवली.

“इटलीत एका सरदाराचं लग्न होतं. जेवणात एकेक पदार्थ आला तो नाचणाऱ्यांबरोबर. हरणाचं मटण आलं तर ते एक नाचणारीण शिकारीची देवी होऊन घेऊन आली. पाहुणे जेवायचं विसरले. हा नाच लोकांना इतका आवडला, की पुढे तिथली एक राजकन्या फ्रान्सला नांदायला गेली, तेव्हा तोही सासरी गेला. तिथे एका लग्नात रात्री दहाला खेळ सुरू झाला तो पहाटे तीनला संपला. पाच तास. आणि तेव्हा बोटांवर कोणी उभं राहत नव्हतं बरं का. ते फार नंतरचं. तेव्हा अंगावर इतके जड कपडे, की नुसतं ऐटीत चालणं आणि वळणं हाच नाच. मोठ्या खेळांत बाईचं काम बहुतेक पुरुषच करायचे, मुखवटा लावून.”

“आपल्याकडे वहीवाले करतात तसं?” हे यशोदा बोलली आणि बोलल्याचं तिलाच उशिरा कळलं. खानदेशात वही नावाची गाणी गाणाऱ्या मंडळींत लुगडं नेसून पुरुष नाचतात, ते तिने गावात पाहिलं होतं.

“तसंच,” सर शांतपणे म्हणाले, जणू ती रोजच बोलते. “आता पुढचं ऐक. त्या काळात घोड्यांचाही बैले असायचा. चौकात बॅण्ड वाजायचा आणि शेकडो लोकांपुढे घोडे ठेक्यावर पाय टाकायचे, वर्तुळ करायचे, जोडीने फिरायचे. राजेरजवाडे बघायला यायचे.”

“मग त्यांना पाय कोणीतरी शिकवला असेल,” यशोदा म्हणाली. “आबा म्हणतात, आधी पाय.”

“बघ ना. तू काही फार लांब गेली नव्हतीस. घोड्याच्या जागी बैल, एवढंच.”

मग त्यांनी शेवटचं पान वाचलं. फ्रान्सचा एक राजा चौदाव्या वर्षी सोनेरी कपडे घालून उगवता सूर्य होऊन नाचला. मोठेपणी त्याने नाचासाठी खास संस्थाच काढली, आणि त्याच्या नृत्यशिक्षकाने पाय ठेवण्याच्या पाच जागा ठरवून दिल्या. पहिली जागा अशी: टाचा जुळलेल्या, पंजे दोन्ही बाजूंना वळलेले. कोणी म्हणतात, राजाला बुटांवरची बक्कलं सगळ्यांना दिसावीत असं वाटे, म्हणून.

यशोदाने उठून तसे पाय ठेवून पाहिले. तोल गेला. तिने भिंत धरली, पुन्हा ठेवले.

“सर, तिथे लोक हसले तर?”

“हसतील कदाचित,” सर म्हणाले. खोटं सांगणं त्यांना जमलं नाही. त्यांनी तिची ‘मी जाणार नाही’ ही चिठ्ठी खिशातून काढली. “चिठ्ठी तुझी आहे. ती फाडायची की मी जपून ठेवायची, तू सांग.”

तिने चिठ्ठी घेतली आणि फाडली.

जळगावला तिचा नंबर दुपारच्या जेवणानंतर आला. सभागृहात पंखे फिरत होते आणि निम्मे लोक पेंगत होते. व्यासपीठावर कडेच्या खुर्चीत पाहुणे म्हणून तोताराम नाना नावाचे एक बुजुर्ग बसले होते. पांढरं धोतर, भरघोस मिशी, पायात नवे जोडे. यशोदाने पंगत सांगितली, सासरी गेलेला नाच सांगितला, घोडे सांगितले, सूर्य होऊन नाचणारा राजा सांगितला. आवाज छान लागला होता. पण पायांपाशी येऊन गाडी अडली. “एड़ियाँ मिली हुईं, पंजे बाहर,” ती म्हणाली, आणि समोरचे चेहरे कोरेच राहिले. तिने पुन्हा म्हटलं. कोणाला काही दिसेना. स्वतःचे पाय दाखवावेत तर पुढच्या टेबलाआड ते झाकलेले. कडेला बसलेल्या नानांचे नवे जोडे मात्र शेवटच्या रांगेतूनही दिसत होते.

ती वळली आणि थेट नानांपुढे गेली. “जरा खड़े हो जाइए,” ती म्हणाली. नाना गोंधळून उभे राहिले. यशोदा त्यांच्या पायांशी वाकली. मुलगी पाया पडते आहे असं वाटून नानांनी डोळे मिटले, हात वर केला आणि भरल्या आवाजात म्हणाले, “यशस्वी हो, बेटी.” तोवर यशोदाने त्यांचे दोन्ही जोडे धरून टाचा जुळवल्या होत्या आणि एकेक पंजा बाहेर वळवत होती. नानांनी डोळे उघडून खाली पाहिलं. मिशीसकट त्यांचं तोंड उघडं राहिलं.

सगळं सभागृह हसलं. पेंगणारे जागे होऊन हसले, परीक्षक हसले, मागे बसलेला भटू तर खुर्चीवरून घसरला. रतिलाल सर तेवढे हसले नाहीत. ते यशोदाच्या गळ्याकडे पाहत होते.

यशोदा उठून उभी राहिली. मग तिने नानांपुढे हात धरला आणि त्या हसण्याच्या वर आवाज चढवून म्हणाली, “राजासाहब, अब एक कदम आगे.”