दोन जन्मतारखांच्या युए-शा काकू

ग्रामकार्यालयातल्या यी-रोंगने तीन फायली पाठवल्या होत्या. एक आरोग्य तपासणीची, एक एकट्या राहणाऱ्या वृद्धांची आणि एक घरात घसरून पडलेल्यांची. तिन्हींत ज्यांचं नाव, त्यांच्या उशाशी मदतीची घंटा बसणार होती. ओळखपत्राचे क्रमांक वरूनच झाकून आलेले, म्हणून फायली नाव आणि जन्मतारखेवरूनच जुळवायच्या. ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर मी थोडंफार ‘आर’, म्हणजे कॉम्प्युटरची आकडेवारीची भाषा, शिकलो होतो. गावात तेवढंही कोणाला येत नव्हतं, म्हणून काम माझ्याकडे आलं.

मी ‘मर्ज’ची, म्हणजे फायली जोडायची, आज्ञा दिली. क्षणात छोटीशी, नीटनेटकी यादी समोर आली. तीत युए-शा काकू नव्हत्या.

त्या माझ्या शेजारीण. थंडीत न्हाणीघरात पडल्या, तर दुपारपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. त्यांना घंटा मिळायलाच हवी होती. माझंच काही चुकलं असणार, म्हणून आज्ञा पुन्हा वाचली. चूक सापडेना, तेव्हा जास्तच भीती वाटली. शेवटी यी-रोंगला फोन करून काकू यादीतून गायब झाल्याचं सांगितलं.

“काका, यादी आज पाच वाजता वर साहेबांकडे जाते. कॉम्प्युटर काय माणसं गिळतो?”

“नाही... तेही खरंच,” म्हणून मी फोन ठेवला.

मग आज्ञेत थोडी भर घातली: जुळणी न झालेल्या ओळीही ठेव, रकाने कोरे राहिले तरी चालेल. यादी एकदम फुगली. आता काकू दोनदा होत्या. एका ओळीत नुसती तपासणी, दुसरीत बाकी सगळं. साल एकच, तारखा महिनाभर लांब.

काकू दारात बसून कालवं फोडत होत्या.

“काकू, तुमचा वाढदिवस कधी?”

“कुठला? दीर्घायुष्याच्या शेवया खायचा की सरकारचा?”

“दोन आहेत?”

“तुला एकच? अरेरे, पुस्तकवाल्या! शेवयांचा आपल्या चांद्र पंचांगाचा. कार्डावरचा म्हणजे आमचे बाबा सवड काढून नोंदवायला गेले, तो दिवस. दवाखान्यात मी कार्ड दाखवते. चौकशीला घरी येऊन गोड बोलणाऱ्या पोरींना खरा सांगते.”

म्हणजे तारखा पंचांगावरून बदलून घेण्यातही अर्थ नव्हता. आणि एकाच नावाच्या खरोखरच दोन बायका असल्या तर? ते कॉम्प्युटरला कळणार नव्हतं, मलाही नाही.

मी कार्यालयात जाऊन हे सांगितलं. यी-रोंगने माझ्यासमोर काकूंच्या दोन्ही ओळी एक केल्या.

“झालं ना काका? पाठवू?”

“अशी अर्धवट जुळलेली माणसं अजून बरीच आहेत. त्यांना विचारावं लागेल. तू... यादी थांबव.”

मी कोणाला इतकं सरळ सांगितल्याचं मला आठवत नाही.

“साहेब मला कच्चं खातील,” यी-रोंग म्हणाली आणि तिने फोन उचलला. बराच वेळ नुसतं “हो साहेब” चाललं होतं. उद्या दुपारपर्यंतची मुदत मिळाली. तिने स्कूटरची किल्ली घेतली. “बसा मागे. घट्ट धरा, तुम्ही पडलात तर तुमचंही नाव घालावं लागेल.”

पहिल्याच दारातल्या म्हाताऱ्याने आम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“जन्मतारीख? माझं लग्न जुळवताय की काय?”

“बायको नाही, आजोबा. घंटा आहे,” यी-रोंग म्हणाली.

“मग कशाला आलात?” असं पुटपुटत त्याने दोन खुर्च्या बाहेर काढल्या आणि तो बोटांवर आपलं जन्मसाल मोजायला लागला.