रिकाम्या काठीचे म्हणणे

मी एक जुनी डोलकाठी आहे. मित्रांनो, माझे गलबत केव्हाच फुटले; पण माझे सागवान शाबूत होते, म्हणून १९४९ साली मला दिवेआगरच्या अलीकडे एका लहानशा बंदरावर, धक्क्याच्या टोकाला पुरून उभे केले. वादळाची तार आली की बंदराचा शिपाई भिकू माझ्या दोरीला इशाऱ्याची निशाणे, म्हणजे कापडी सुळका आणि पिंप, चढवी. सुळका वर असेल तर एक अर्थ, पिंप वर असेल तर दुसरा. वस्तू त्याच, पण जागा चुकली की सांगणेच चुकले. भिकू कधी चुकला नाही. कोळी माझ्याकडे बघूनच होड्या लोटत. तरी मला स्वस्थता नव्हती. साधी झुळूक आली तरी माझी दोरी अंगावर टकटक करीत राही.

१९५४ च्या कार्तिकात घाटात झाड पडून तार तुटली. मी रिकामी उभी होते. काळूराम आणि त्याचा धाकटा भाऊ तुळशीराम यांनी माझ्याकडे पाहिले आणि दोघे दोन होड्यांतून बाहेर पडले. दुपारी समुद्र उसळला. काळूराम परतला. तुळशीराम आला नाही. वादळाची तार तिसऱ्या दिवशी मिळाली.

तेरावे झाले आणि काळूरामची बायको वेणूबाई धक्क्यावर आली.

"भिकूदादा, त्या दिशी काठीवं काय व्हतं?"

"काय नव्हतं."

"काय नव्हतं म्हंजी? वादल न्हाय, का खबर न्हाय?"

भिकू घुटमळला. "तार आली न्हाय, तर निशाणी न्हाय. निशाण्यांच्या सरकारी तक्त्यात तसंच हाय."

"तार तुटलीय, ह्ये तुला ठावं व्हतं?"

"व्हय. पोष्टातनं कळलं व्हतं."

"आनी आमी रिकामी काठी बघून दर्या निवांत हाय म्हनलं!"

"मग खोटा सुळका चढवू?" भिकूचा आवाज चढला. "वादळ आलं नसतं तर पुन्हा कोण इस्वास ठेवील माझ्यावर?"

"सुलका नको रं. पन 'न्हाय' येगलं आनी 'ठावं न्हाय' येगलं." तिने डोक्यावरची मासळीची टोपली काढून त्याच्या हातात दिली. "तार तुटंल त्या दिशी ही चढव."

मी मुळापासून हादरले. पाच वर्षे मी रिकामी असताना लोकांना काय सांगत होते, ते मलाच ठाऊक नव्हते!

पुढच्या भाद्रपदात तार पुन्हा तुटली. टोपली चढली, होड्या थांबल्या. दिवसभर लख्ख ऊन पडले. "तुज्या टोपलीपायी दिस वाया ग्येला," काळूराम बायकोवर खेकसला. दुसऱ्या दिवशीही टोपली होती. मात्र आता म्हाताऱ्यांनी ढग पाहिले, लाटांचा आवाज ऐकला, आपसांत भांडून ठरवले आणि निम्म्या होड्या गेल्या. सगळ्या परत आल्या.

मग एकदा टोपली वर असतानाच बंदरखात्याचे साहेब तपासणीला आले. "ही टोपली कुठल्या तक्त्यात आहे? काढून टाक."

भिकू साहेबांपुढे कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलला. "काढतो, साहेब. पण तार तुटंल त्या दिवशी मी सोता काठीखाली उभा राहीन. येईल त्याला तोंडानं सांगीन, मला ठावं न्हाय म्हणून."

साहेबांनी तपासणीची वही मिटली आणि ते निघून गेले. टोपली उतरली. भिकू मात्र १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत, तार तुटली की पहाटेपासून माझ्या बुंध्याशी उभा राही.

आता होड्यांवर रेडिओ आले आहेत. माझी दोरी कुजली, बुंध्याला वाळवी लागली. मित्रांनो, जमले तर थोडे डांबर लावा मला. आणि एक ऐका: कोणी गप्प असेल, तर त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ मनानेच लावू नका. जवळ जाऊन विचारा. आणि आपल्याला ठाऊक नसेल, तर तेही सांगा. होड्यांपासून धक्क्यावरच्या भिकूच्या खोलीपर्यंत साठ पावले होती. तुळशीराम गेला त्या सकाळी ती कोणीतरी चालायला हवी होती, इकडून किंवा तिकडून.