नळामागचं शहर

तीन मिनिटांत स्वतःचं संशोधन सांगायचं, अशी स्पर्धा विद्यापीठाने ठेवली, तेव्हा ही आधी हसली आणि मग दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. ही म्हणजे माझी बायको. पाण्याच्या पाइपांना आतून जो बुळबुळीत थर धरतो, त्यातल्या जिवाणूंचा ती अभ्यास करते. माझं चष्म्यांचं दुकान. लग्नाआधीपासून तिचं काम ऐकतोय, पण कुणी विचारलंच तर माझ्या तोंडून "पाण्याचं काहीतरी" एवढंच निघतं.

शेवटी आम्ही माझ्या मोठ्या बहिणीला गाठलं. ताई रेडिओवर बातम्या वाचते. जगाची उलथापालथ ती चहा निवायच्या आत सांगून मोकळी होते. तिने हिचं भाषण डोळे मिटून ऐकलं आणि सरळ कात्री चालवली. आलेख गेले, मार्गदर्शकांचे आभार गेले, मग "बहुतेक", "सहसा", "आमच्या प्रयोगापुरतं" हेही एकेक करून गेले. यातले बरेचसे जिवाणू आपल्याला काही करत नाहीत, हे वाक्य बराच वेळ तग धरून होतं, पण घड्याळ ऐकेना. तेही गेलं. वाचलेल्या वेळात सुरुवातीलाच ताईने एक वाक्य बसवलं, "तुमच्या नळामागे एक शहर वसलंय."

"ताई, हे खोटं नाही ना होत?" हिने विचारलं.

"ते तू सांगायचं. जिवाणू तू बघितलेस."

हिने विचार केला. त्या थरात घरांसारखे कप्पे असतात, पाणी खेळवायच्या वाटा असतात, दाटीवाटी तर असतेच. खोटं काही सापडेना.

हिचा पहिला नंबर आला. मागच्या रांगेत बसलेल्या मलाही पहिल्यांदाच सगळं समजलं. पाणी संथ वाहिलं की थर जाड पण ठिसूळ होतो, जोरात वाहिलं की पातळ पण चिवट. कुणीतरी भाषण मोबाइलवर घेतलं, आणि आठवड्याच्या आत ते फिरत फिरत आमच्याच इमारतीत आलं.

तिथून घोळ सुरू झाला. बाबा सकाळी उठून नळ पूर्ण सोडायला लागले, शहर वाहून जाऊ दे म्हणून. आई त्यांच्या मागोमाग येऊन नळ बारीक करायची, कारण जोराच्या पाण्याने चिवट जात निपजते असं सूनबाईनेच सांगितलंय. दोघंही हिचाच हवाला द्यायची. समोरच्या शिक्षिकेने प्यायचं पाणी विकत आणायला सुरुवात केली. वरच्या मजल्यावर तर वेगळीच बातमी होती, की हिने पाइप साफ करायचं औषध काढलंय. भाषण एकच, आणि जो तो छातीठोकपणे सांगत होता की त्याला ते अगदी स्वच्छ कळलंय.

तळमजल्यावरच्या वकिलांनी सगळ्यांना जिन्याखाली जमवलं आणि हिला बोलावलं. ते म्हणाले, "एका शब्दात सांगा. प्यायचं की नाही?"

"प्या."

"मग धोका नाही, तर इतकी वर्षं अभ्यास कशाचा करताय?"

ही सांगायला लागली. या वेळी घड्याळ नव्हतं, त्यामुळे गाळलेलं सगळं परत आलं, "बहुतेक" आणि "सहसा"सकट. हळूहळू एकेकाला घरातली कामं आठवली. वकील शेवटपर्यंत थांबले आणि उठताना म्हणाले की आधीचं जास्त छान होतं.

ही तिथेच पायरीवर बसली. "थोडक्यात बोलले तर भलतंच कळलं. नीट बोलले तर काहीच कळलं नाही. मग बोलायचं तरी काय?"

रात्री ताईला फोन केला, तर तीही गडबडली. आदल्या दिवशीच्या बातमीतली चूक ती दुसऱ्या दिवशी वाचून दाखवते, पण ती दुरुस्ती ऐकली असं सांगणारा माणूस तिला अजून भेटला नव्हता.

पुढची फेरी दुसऱ्या शहरात होती. हिने आम्हाला न विचारता भाषण बदललं. व्यासपीठावर उभी राहून म्हणाली, "मला एक गोष्ट अजून कळलेली नाही," आणि संथ पाण्यातला थर इतका ठिसूळ का, या कोड्यापाशी सभागृहाला नेऊन सोडलं. निरुपद्रवी जिवाणूंचं गाळलेलं वाक्यही घेतलं. स्वतःच्या अंदाजाकडे वळते न वळते तोच घंटा झाली आणि ती तशीच खाली उतरली. टाळ्या बेताच्या पडल्या. नंबरात नाव नव्हतं.

मी समजुतीची दोन वाक्यं जुळवत होतो, एवढ्यात मधल्या रांगेतून एक अनोळखी बाई आली. तिने नमस्कारसुद्धा केला नाही. "पाणी अधूनमधून थांबतच असेल तर? संथ नाही आणि जोरात नाही. थांबतं, मग वाहतं."

हिने हातातली कार्यक्रमपत्रिका उलटी केली. "माहीत नाही. तसं मी बघितलेलंच नाही."

मग दोघी रिकाम्या खुर्च्यांवर बसून कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर पाइप काढत बसल्या. एक काही म्हणायची, दुसरी ते खोडायची. दिवे मालवायला माणूस आला तरी त्यांचं चालूच होतं, आणि मी दोघींच्या पिशव्या धरून उभा.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं की आजचं भाषण जमलं म्हणायचं की फसलं. हिलाही ठरवता येत नव्हतं. मग म्हणाली, "उद्या लवकर निघेन मी. प्रयोगशाळेतला एक पंप मध्येमध्ये बंद ठेवून बघायचाय."