वीस किलोंची पात्रता

मी घमेलं बोलतोय. बोलायची हौस नाही. वैताग आलाय म्हणून तोंड उघडलं.

पुण्यातल्या एका पुरातत्त्व संस्थेने मला बोहरी आळीतून विकत आणलं. सात हिवाळे मी उत्खननावर माती वाहिली. खरं तर वाहिली मजुरीवर येणाऱ्या तुळजाबाईंनी. त्यांच्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मी. साहेबांपैकी कोणी मला कधी हात लावला नाही. त्याबद्दल तक्रार नाही. खापरं ओळखायची, मातीचे थर वाचायचे, हे त्यांचं काम.

त्या कामात तरबेज होती खडकीची आलिया. डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम. विद्यार्थिनी म्हणून दोन हंगाम आमच्याबरोबर होती. शिडीवरून बसत-सरकत खड्ड्यात उतरायची, ती जेवायलाच वर यायची. एकदा सगळे जे दगडगोटे समजून उपसत होते, ते बघून ती ओरडली, "तुळजामावशी, थांबा! चूल आहे ही." चूलच निघाली.

यंदा संस्थेत सहायकाची जागा निघाली. अट काय, तर वीस किलो माती भरलेलं घमेलं घेऊन पन्नास पावलं चालणे! मला संस्थेच्या आवारात आणून भरलं. तेविसाव्या पावलाला आलिया अडखळली आणि मी आदळलो.

"अपात्र," परीक्षा घेणारे शुभंकर सर कागदावरून मान न उचलता म्हणाले.

"सर, उत्खननावर हे कोण उचलतं?"

"मजूर."

"आपण उचललंय कधी?"

"अहो, नियम आहे तो. मी केलाय का?"

"मग कोणी केलाय?"

कोणालाच ठाऊक नव्हतं. जुन्या जाहिरातीवरून प्रत्येक वेळी नवी उतरवून घेतली जात होती, इतकंच. कपाळ असतं तर मी बडवून घेतलं असतं.

आलियाने लेखी हरकत घेतली. दीड महिन्याने उत्तर आलं, 'आपल्या अर्जाची नोंद घेतली आहे.' मग ती तुळजाबाईंना घेऊन थेट संचालकबाईंसमोर उभी राहिली. परीक्षेपासून मी तिथेच कोपऱ्यात पडून होतो.

"बाईसाहेब," तुळजाबाई म्हणाल्या, "घमेलं उचलणं हीच परीक्षा हाय, तर ती नोकरी मला द्या की. पंधरा वर्सं रोज पास होतीया मी."

संचालकबाईंनी बराच वेळ जाहिरात वाचली आणि पेनाने ती ओळ खोडली.

पुन्हा परीक्षा झाली. प्रत्येकापुढे खापरांची एक पेटी आणि ती ओळखायला एक तास. आलिया पहिली आली. आता ती उत्खननावर आहे, पगारी.

आणि मी? माझ्यावर कागद चिकटवलाय, 'चाचणी साहित्य. हलवू नये.' अट रद्द झाली, पण माझी नोंद रद्द करायला कोणाची सही लागते, ते ठरत नाही. तिकडे तुळजाबाई तडकलेल्या प्लॅस्टिकच्या घमेल्यात माती वाहतायत. अहो, कोणीतरी सही करा. मला कामावर जायचंय.