फाउंडर म्हणजे काय

आमच्या घरात 'बुडणे' हे क्रियापदच नव्हतं. आबांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, कायदा होता तसा. जन्मभर बोटी चालवलेला माणूस. घरातल्या कुणी तो शब्द उच्चारला की पाण्यावरच्या माणसाचं वाईट होतं, अशी त्यांची पक्की समजूत. त्यामुळे आमच्याकडे चहात बिस्किट 'हरवायचं' आणि सूर्य 'घरी जायचा'. शेजारणीच्या नवऱ्याचा धंदा बुडाला तेव्हा आई सांत्वनाला गेली आणि "तुमचा धंदा खाली गेला म्हणे" म्हणाली. शेजारीण म्हणाली, "नाही हो, दुकान वरच्याच मजल्यावर होतं." आम्ही भावंडं हसून हसून लोळलो होतो. पण तो शब्द काढायची आमचीही छाती झाली नाही.

पुढे मी बंदराच्या रेडिओ खोलीत ऑपरेटर झाले आणि धाकटा भाऊ टगचा कप्तान. टग म्हणजे मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणारी ठेंगणी, दणकट बोट. ट्रेनिंगमध्ये मास्तरांनी आम्हाला 'फाउंडर' हा इंग्रजी शब्द घोटून घेतला. "बोट आपटली नाही, उलटली नाही, पण आत पाणी भरत गेलं आणि ती लाटेवर उचलेनाशी झाली, की ती फाउंडर होतेय. चालता चालता घोडा बसला तरी इंग्रजीत हाच शब्द. एखादा बेत मध्येच बारगळला तरी हाच. पण रेडिओवर त्याचा अर्थ एकच, आम्ही चाललो, असाल तिथून या." तो शब्द कानावर पडला की जवळची प्रत्येक बोट हातातलं काम टाकून निघते. म्हणून तो कप्तानानेच उच्चारायचा. ऑपरेटरने विचारायचं, ऐकायचं. कप्तानाच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत.

त्या दुपारी वारा पिसाळला होता. बंदराची एकुलती एक बचाव लाँच एका सहलीच्या बोटीकडे गेली होती. तिचं इंजिन बंद पडलेलं, पण नांगर टाकून माणसं सुखरूप बसली होती. तेवढ्यात रेडिओवर भावाचा आवाज आला.

"हार्बर, जरा पाणी येतंय इंजिनरूममध्ये. पंप चालू आहे."

जरा! हा पोरगा तापाने फणफणला असला तरी 'जरा अंग कोमट आहे' म्हणणारा.

"किती पाणी?" मी विचारलं.

"आहे थोडं. बघतोय आम्ही."

माझ्या मागे ड्युटीवरचे साहेब उभे होते. मी म्हटलं, "साहेब, लाँच वळवा." ते म्हणाले, "पाणी येतंय एवढ्यावर कशी वळवू? तिकडे प्रवासी आहेत. फाउंडरिंग म्हणाला का तो?"

म्हणाला नव्हता. मी खोटंच सांगावं, असं जिभेच्या टोकावर आलं होतं. पण चॅनल सगळ्यांना ऐकू येतं आणि साहेबांचे कान शाबूत होते. मी पुन्हा बटण दाबलं.

"पंप चालतोय ना?"

"थांबला आत्ता. चिंता नको."

"पुढचं टोक लाटेवर उचलतंय का?"

नुसती खरखर. टगवर तो धरून चौघे. त्यातल्या एकाच्या बाळाच्या बारशाचे पेढे गेल्याच आठवड्यात मी खाल्ले होते.

"टग, उत्तर दे. टोक उचलतंय का?"

"नाही," तो म्हणाला. "लाट वरून जातेय."

"मग त्याला काय म्हणतात? सांग मला."

"ताई, आबा…" एवढंच बोलून तो थांबला. रेडिओवर आम्ही कधी ताई-भाऊ नसतो. त्याच्या आवाजावरून मला कळलं की तो माझ्याइतकाच घाबरलाय, आणि दारात पाणी आलं तरी आबांचा कायदा मोडायची त्याची हिंमत होत नाहीये. मला त्याचा असा काही राग आला! नियम गेले चुलीत.

"गाढवा, बुडतोयस का तू?" मी ओरडले. "बुडतोयस ना? मग बोल की! तीन माणसं आहेत तुझ्या जिवावर!"

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तसाच राहू दिला.

"हो," तो म्हणाला. मग परीक्षेत म्हणतात तसं एकेक अक्षर सुटं करून बोलला, "फाउंडरिंग. आम्ही फाउंडर होतोय. चार माणसं."

त्यानंतर चॅनलवर एकच गलबला उठला. लाँच वळली. मासेमारीच्या दोन बोटींनी जाळी कापून टाकली आणि धाव घेतली. टगचा आवाज मात्र बंद झाला. मी हाका मारत राहिले. उत्तर आलं नाही तरी हाका मारायच्या असतात, ते माझं काम आहे. मनात नको नको ते येत होतं. इतकी भीती मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

शेवटी लाँचचा कप्तान बोलला. "हार्बर, चौघेही मिळाले. थंडीने काकडलेत, पण धड आहेत. टग गेली."

मी "समजलं" म्हणाले आणि टेबलावर डोकं टेकलं. तेवढ्यात फोन वाजला. आबा होते. निवृत्त झाल्यापासून ते उशाशी रेडिओ ठेवून बंदराचं चॅनल ऐकत बसतात, हे माझ्या डोक्यातूनच गेलं होतं.

"सगळं ऐकलं मी," ते म्हणाले. "तो बोलत का नव्हता गं? माझ्यामुळे?"

नाही हो आबा, असं म्हणता आलं असतं. त्यांचं वय झालंय.

"हो," मी म्हणाले. "तुमच्यामुळेच."

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, "ओले असतील ना गं सगळे? मी चार पांघरुणं घेऊन धक्क्यावर येऊ का? की मला बघून तो घाबरेल?"